नदीत कयाकमधून बास: पेडल, पॅडल की काठच बरा?

नदीकाठ
मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज धागा काढायचं धाडस करतोय.

मुक्काम मध्य न्यू जर्सी. फ्रेंचटाऊन ते लँबर्टव्हिल या पट्ट्यात डेलावेअर नदीच्या काठावरून स्मॉलमाउथ बास (गोड्या पाण्यातला मासा) पकडायचा नाद आहे. काठावरून हाताला येईल तेवढं पाणी चाळून झालंय. नदीच्या मधोमध खडकांची रांग दिसते, तिच्यामागे मासे उसळताना दिसतात आणि माझा लुअर (खोटं आमिष) वीस हात अलीकडे पडतो. म्हणून आता कयाक घ्यायची आहे.

बजेट सगळं मिळून साधारण १,२०० डॉलर. गाडी सेडान. पोहता येतं (सांगलीचा आहे, कृष्णेत शिकलोय). प्रश्न असा की पायाने चालवायची पेडलवाली घेऊ की साधी वल्ह्याची? दुकानात गेलो तर त्या पोराने थेट साडेतीन हजारांची दाखवली, वर फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) गळ्यात मारायला निघाला. रॉड-रीलबद्दलही सांगा.

चिवडा_घेऊन_बसलोय
पहिला! जागा पकडली. जाणकार प्रकाश टाकतीलच.

गरवणारा
पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गला राहतो, सस्क्वेहाना नदी पायाखालची. तुमच्या प्रश्नाचं उत्तर होडीत नाही, पाण्यात आहे.

ट्रेंटनच्या वर डेलावेअरला भरती-ओहोटी नाही. उथळ, खडकाळ, वाहतं पाणी. उन्हाळा सरता सरता काही ठिकाणी घोटाभर पाणी उरतं आणि होडीतून उतरून ती दोरीने ओढत न्यावी लागते. अशा पाण्यात पेडलचं पातं खाली फूट-दीड फूट लोंबकळत असतं. खडकावर आपटलं की एकतर पातं जातं नाहीतर तुमचा मूड. नदीच्या दिशेने जायचं असेल तर ढकलायचं काम पाणीच करतं, तुम्हाला फक्त वळवायचं असतं. त्याला वल्हं पुरतं.

माझं मत: १०॥ ते १२ फूट लांब, ३२ ते ३५ इंच रुंद, उघड्या बैठकीची सिट-ऑन-टॉप. उलटली तरी तिच्यात पाणी साठत नाही, तळाच्या भोकांतून निघून जातं आणि परत चढता येतं. आत पाय घालून बसायची सिट-इनसाइड उलटली की तिचा हौद होतो. नाक थोडं वर उचललेलं हवं, म्हणजे खळाळात ती पाण्यावर चढते, घुसत नाही. जॅक्सन कंपनीची ‘कूसा’ कयाक अशाच नद्यांसाठी काढली होती, जुनी मिळाली तर बघा. बैठक उंच असेल तर वल्हं २५० सेंटिमीटरच्या आसपास घ्या, आखूड घेतलंत तर दर हाताला बोटं कडेवर घासतील.

नवी घेण्यापेक्षा जुनी घ्या. पॉलिइथिलिनच्या होडीवरचे ओरखडे म्हणजे काही आजार नव्हे. फक्त तळ उलटा करून भोकांच्या कडा आणि बैठकीखालचा भाग बघा, भेग तिथेच जाते.

पेडलप्रेमी
गरवणारा, तुमचे प्रतिसाद नेहमी वाचतो, पण इथे असहमत. जोरदार असहमत.

मी पोटोमॅक नदीवर असतो, वॉशिंग्टनच्या खाली. तिथे भरतीचं पाणी, गवताचे गालिचे आणि लार्जमाउथ बास. वारा सुटला की वल्हेवाले एका हातात रॉड, एका हातात वल्हं घेऊन गोल गोल फिरतात आणि मी पाय हलवत एका जागी उभा. फिशिंग हातांनी करायचं असतं, ते मोकळे नकोत? पंख्याच्या पेडलने उलटंही जाता येतं, म्हणजे धारेत जागा धरून राहता येतं. होबीच्या फ्लिपरवाल्या पेडलमध्ये एक पाय पुढे रेटला की दोन्ही पाती तळाला चिकटतात, उथळ पाण्यावरून निघून जा. ‘पेडल म्हणजे खडकावर आपटणार’ हे सरसकट खरं नाही.

गरवणारा
तुमच्या पाण्यात तुमचं शंभर टक्के खरं. पण ते भाऊ फ्रेंचटाऊनला आहेत, वॉशिंग्टनला नाहीत. आणि १,२०० डॉलरमध्ये बरी पेडलवाली आणून दाखवा, मी इथे जाहीर माफी मागतो.

पेडलप्रेमी
जुनी मिळते हो. शोधायला लागते.

चिवडा_घेऊन_बसलोय
चला, सुरू झालं. चिवड्यात शेंगदाणे कमी पडतायत.

ओहायोच्या_मामी
अरे भांडताय काय, त्याची सेडान आहे हे कुणी वाचलं का?

मी पाच फूट एक इंच, वय साठीच्या अलीकडे. बारा फुटी मासेमारीची कयाक बैठक धरून ऐंशी-नव्वद पौंड भरते, पेडलवाली शंभराच्या पुढे सहज. ती दोन माणसांशिवाय सेडानच्या टपावर चढत नाही. यजमान पहिल्या उन्हाळ्यात हौसेने आले, दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांची पाठ आली नाही. मग मी ती विकली आणि साठ पौंडांच्या आतली दहा फुटी घेतली. आता पहाटे कुणाला न उठवता एकटी निघते. गाडीच्या मागे जुनी पायपुसणी अंथरायची, होडीचं नाक टपाच्या मागच्या दांडीवर टेकवायचं, मग मागून ढकलायची. अख्खी उचलायची नाहीच. पुढून-मागून पट्टे मात्र बॉनेटला आणि डिकीला बांधायचे, हायवेवर वारा खाली घुसला की नुसत्या टपाच्या पट्ट्यावर भरवसा नाही.

जी होडी एकट्याने गाडीवर चढत नाही ती गॅरेजमध्ये राहते. बाकी पेडल-पॅडल नंतर.

नदीकाठ
मामी, हे दुकानातल्या पोराने सांगितलंच नव्हतं! मी गॅरेजही शेजाऱ्यांबरोबर वाटून वापरतो.

आंबटगोड
अवांतर प्रश्न, राग मानू नका. एवढा खर्च, एवढी धडपड, आणि मासा धरून परत सोडून देता म्हणे? आमच्या मालवणात हे सांगितलं तर लोक डॉक्टरकडे नेतील.

तिखट_कालवण
+१. तिरफळं घालून काय झालं असतं त्या बासचं...

गरवणारा
कालवणवाल्यांनो, सस्क्वेहानाच्या मधल्या पट्ट्यात बास सोडणं हा छंद नाही, नियम आहे. २००५ पासून तिथे स्मॉलमाउथची पिल्लं रोगाने मरायला लागली. पुढे राज्याच्या फिश अँड बोट कमिशनने त्या पट्ट्यात धरलेला बास लगेच सोडायचा, असं ठरवलं. वसंतात घरटी असताना तर काही वर्षं मुद्दाम बासच्या मागे लागणंही बंद होतं. त्या दिवसांत नर खडीत खळगा करून अंड्यांवर पहारा देतो, शेपटीने वारा घालतो. त्याला तुम्ही पाच मिनिटं जरी वर काढलंत तरी सनफिश येऊन अंडी साफ करतात.

इतर ठिकाणी ठेवता येतो, मापाचे आणि संख्येचे नियम बघून. पण नदीतल्या माशात पारा वगैरे असतो म्हणून पेनसिल्व्हेनियाचा सरसकट सल्ला आठवड्याला एकच जेवण असा आहे. एका जेवणासाठी सोलकढी करायची?

तिखट_कालवण
सोलकढी कशालाही करावी. हा मुद्दा चर्चेचा नाही.

बिवाकाठी
जपानमधून लिहितोय, इथे गाडी बरोबर उलटी आहे. बिवा सरोवरात धरलेला बास पाण्यात परत सोडायला बंदी आहे! शिगा प्रांताचा तसा नियम आहे, काठावर बास टाकायला पेट्या ठेवल्यात. स्थानिक मासे खाऊन टाकतो म्हणून २००५ पासून देशभर तो परकीय उपद्रवी प्राण्यांच्या यादीत आहे. आणि गंमत बघा, त्याच बिवात २००९ मध्ये मानाबू कुरिता यांनी २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ धरून जॉर्ज पेरी यांच्या १९३२ च्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली.

इतिहासकीडा
बिवाकाठी, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या या नद्यांतसुद्धा स्मॉलमाउथ उपराच आहे. त्याचं मूळ घर ओहायो-मिसिसिपीचं खोरं आणि ग्रेट लेक्स ही मोठी सरोवरं. पोटोमॅकमध्ये तो १८५४ साली आला, तोही रेल्वेने. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनाला पाणी पुरवणाऱ्या टाकीत थोडे मासे घालून डोंगरापलीकडून आणले आणि कंबरलंडला सोडले. तिथून तो पसरला. म्हणजे ज्याच्या रक्षणासाठी नियम केले तो स्वतःच विनातिकीट प्रवासी.

ओहायोच्या_मामी
आमच्याकडचा नेलात आणि आता आम्हाला नियम शिकवता. दिवे घ्या.

अलिबागचा_दादूस
हा धागा वाचून आमची खाडी आठवली. आम्ही जिताड्याला गरवायचो, भरती फिरायच्या वेळेला, खाजणाच्या तोंडाशी, जिवंत कोळंबी लावून. होडी पातळ फळ्यांची, रॉड नाही, हातदोर. बोटावर दोर धरायचा आणि तांबोशी लागली तर बोट कापायचं. तुमचे हे प्लास्टिकचे लुअर बघून हसू येतं, पण परवा पुतण्याने तसलाच रबराचा मासा ओढून साडेतीन किलोचा जिताडा काढला, तेव्हापासून गप्प आहे. तुमच्या बासला कोळंबी चालत नाही का?

गरवणारा
दादूस, चालते की. त्याचं आवडतं खाणं क्रेफिश, तळाच्या दगडांखाली असतो, आपल्या शेवंडीचा गोड्या पाण्यातला धाकटा भाऊ समजा. कितीदा मासा वर घेतला की घशातून क्रेफिशच्या मिशा बाहेर डोकावत असतात. आधीचा घास गिळला नाही तरी माझ्या लुअरवर आला, इतका हावरट. म्हणून तर तपकिरी-हिरवट रंगाचे लुअर तळाशी रखडवत आणायचे.

कुंडलिका
मासेमारीतलं काही कळत नाही. पण कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग-कयाकिंगमध्ये काही वर्षं काढली आहेत, सध्या व्हर्जिनियात. इथे सगळे माशाबद्दल बोलतायत, पाण्याबद्दल एकटे गरवणारा, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

कोलाडला भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की नदी चढते, त्याची वेळ सगळ्यांना ठाऊक असते. डेलावेअरच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही, ३३० मैल मोकळी. पण वरच्या उपनद्यांवर जलाशय आहेत आणि ट्रेंटनला ३,००० घनफूट प्रतिसेकंद वाहतं राहावं या हिशोबाने कोरड्या दिवसांत त्यांतून पाणी सोडतात. तेव्हा निघायच्या आदल्या रात्री यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) संकेतस्थळावर ट्रेंटन आणि रिगल्सव्हिलचे गेज, म्हणजे नदीच्या पाण्याची मोजमापं, बघायचे. आकडा किती यापेक्षा आलेख चढतोय की उतरतोय हे महत्त्वाचं. आकाश निळं आणि आलेख चढता असेल तर वर कुठेतरी पाऊस पडलाय, घरी बसा.

दुसरं, बांध. मुख्य प्रवाहावर धरण नसलं तरी लँबर्टव्हिल–न्यू होपच्या पुलाखाली विंग डॅम आहे, दोन्ही बाजूंनी आडवे बांध आणि मध्ये फट, सगळी नदी तिथून कोसळते. तुमचा पट्टा तिथेच संपतो म्हणून सांगतोय, त्याच्या वरच बाहेर निघा. सस्क्वेहानावर हॅरिसबर्गला डॉक स्ट्रीट डॅम आहे, वरून बघितला तर गुडघाभर उंचीची पायरी वाटते. पायरीखाली पाणी उलटं फिरतं आणि पडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा बांधाशी आणतं. तिथे बरेच जीव गेले आहेत, चांगले पोहणारेही.

तिसरं, पडलेली झाडं. पाणी फांद्यांतून गाळून जातं, माणूस अडकतो. मासे नेमके त्याच झाडाखाली असतात, हे मला इथल्या लोकांनी सांगितलं. लांबून टाका, धारेच्या वरच्या बाजूने जवळ जाऊ नका.

चौथं, जॅकेट. होडीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं. १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल पेनसिल्व्हेनियात कयाकवर ते घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे. एप्रिलमध्ये हवा सत्तर फॅरनहाइट, माणूस टी-शर्टवर, आणि पाणी पंचेचाळीस. त्यात पडल्यावर पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर कृष्णेतलं पोहणं उपयोगाचं नाही. फुगणारं जॅकेट वाहत्या, खडकाळ पाण्यात नको. फोमचंच घ्या, पाठीमागे फोम वर चढवलेलं, म्हणजे उंच बैठकीला टोचत नाही.

चिवडा_घेऊन_बसलोय
चिवडा बाजूला ठेवला. वाचनखूण साठवली.

पेडलप्रेमी
कुंडलिका, जबरदस्त. त्यात नांगराची भर घालतो, कारण नवशिके पहिली खरेदी तीच करतात. वाहत्या पाण्यात कडेला नांगर बांधला की होडी आडवी होते, धार कडेवर चढते आणि खेळ खलास. बांधायचाच तर मागच्या टोकाला, एका हिसक्यात सुटेल असा, आणि सुरी जॅकेटवर, डब्यात नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये घातलेली जाड साखळी मागे ओढत ठेवली की वेग कमी होतो, खडखडही होत नाही. मी स्वतः मात्र हल्ली काहीच टाकत नाही, खडकामागच्या स्थिर पाण्यात नाक घालून थांबतो. (पेडलने. हो.)

गरवणारा
साखळीही दगडांच्या फटीत अडकते, तीही सुटेल अशीच बांधा. बाकी पेडलप्रेमींशी सहमत व्हावं लागलं, दिवस वाईट आहेत.

नदीकाठ
सगळ्यांचे आभार. आता रॉडचं बोला. काठावर माझा आठ फुटी रॉड आहे, तो चालेल ना? आणि फिशफाइंडर?

ओहायोच्या_मामी
आठ फुटी नको. बसून मासा जवळ घेताना रॉडचं टोक पलीकडे जातं आणि मासा होडीखाली. साडेसहा ते सात फूट, मीडियम, टोक चपळ, आणि खालची मूठ आखूड, नाहीतर दरवेळी जॅकेटमध्ये अडकते. २५०० मापाचं स्पिनिंग रील, १० पौंडी ब्रेड (विणलेली लाइन) आणि पुढे ८ पौंडी फ्लुरोकार्बन लाइनचा हातभर तुकडा, डबल युनी गाठीने जोडलेला. खडकावर घासून पुढचाच तुकडा खरवडतो, तासाभराने बोटांतून ओढून बघायचा, खरखरीत लागला की कापायचा.

दोन रॉड पुरे. नदीवर फिशफाइंडरची गरज नाही, पोलराइज्ड चष्मा घाल, तळ दिसतो. धारेवर ‘व्ही’ आकार दिसतो ना, त्याचं टोक खाली प्रवाहाकडे असेल तर तिथून वाट, टोक वर तुझ्याकडे असेल तर तिथे बुडलेला खडक. तो खडक म्हणजेच तुझा मासा.

गरवणारा
मामींनी माझं टंकनाचं काम वाचवलं. लुअरमध्ये तीनच सांगतो. नेड रिग, म्हणजे छोटं मशरूमच्या आकाराचं जिग (वजनदार डोक्याचा हूक) आणि अडीच-तीन इंची रबर: टाका, बुडू द्या, काही करू नका. धारेबरोबर तळावरून टक-टक करत येऊ द्या. त्या टक-टकीत एकदम काहीच जाणवेनासं झालं, लाइन हलकी पडली, तर तो मासा. तेव्हाच उचलायचं. दुसरं साडेतीन इंची ट्यूब, म्हणजे नळीसारखा रबराचा लुअर. तिसरा, सकाळ-संध्याकाळ वर खळबळ करणारा व्हॉपर प्लॉपर. तो महाग आहे आणि तो हरवल्यावर माणूस जे बोलतो ते इथे टंकता येत नाही. हुकांचे काटे पक्कडने दाबून टाका, माशालाही बरं आणि तुमच्या अंगठ्यालाही.

पेडलप्रेमी
स्पिनरबेट (फिरत्या चकचकीत पात्याचा लुअर) विसरलात. पाणी गढूळ झालं की नेड रिग कुणाला दिसणार?

गरवणारा
पाणी गढूळ झालं की मी घरी झोपतो.

आंबटगोड
परतीचं काय करता? धारेने खाली गेलात, गाडी वर राहिली. उलटं वल्हवत येता?

ओहायोच्या_मामी
सायकल. जिथे बाहेर निघायचं तिथे आधी सायकल झाडाला साखळीने बांधायची, मग गाडी वर नेऊन होडी उतरवायची. संपल्यावर होडीला कुलूप, सायकलने गाडीकडे. डेलावेअरला दोन्ही बाजूंनी कालव्याकाठची सपाट वाट आहे, लेकरा, तुला चढही नाही.

नदीकाठ
ठरलं एकदाचं. दहा फुटी, अठ्ठावन्न पौंडांची जुनी सिट-ऑन-टॉप बघितली, पाचशे मागतोय. तळाला भेग नाही, भोकांच्या कडा तपासल्या. उरलेल्यात फोमचं जॅकेट, वल्हं आणि टपाच्या दांड्या. पेडलप्रेमी, तुमच्याकडे पोटोमॅकवर आलो की तुमची चालवून बघेन. लायसन्स न्यू जर्सीचंच आहे, पलीकडच्या अर्ध्या नदीत चालेल का?

गरवणारा
डेलावेअर जिथे न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाची सीमा आहे तिथे दोन्ही राज्यांपैकी कुठलंही एक लायसन्स चालतं. होडी मात्र पेनसिल्व्हेनियाच्या कमिशनच्या धक्क्यावरून उतरवणार असाल तर तिला वेगळा परवाना लागतो. जर्सीच्या बाजूने उतरा, सोपं.

पेडलप्रेमी
पाचशेला चारशे म्हणा. बैठकीचे पट्टे जुने असतील तर ते दाखवून पाडा.

चिवडा_घेऊन_बसलोय
एवढं वाचून मलाही यावंसं वाटतंय. एडिसनला असतो. पोहता येत नाही, पण जॅकेट घालीन ना.

कुंडलिका
तुम्ही या वर्षी काठावर बसा आणि चिवडा सांभाळा. हिवाळ्यात तलावात पोहायला शिका, पुढच्या जुलैत पाणी कोमट आणि कमी असताना नदीकाठ तुम्हाला नेतील. त्यांना विचारून सांगतोय असं समजू नका.

नदीकाठ
चालेल, पण सायकल तुमची आणायची.